दादाचं कुलूप

प्रिय भाऊजी,

हो, भाऊजीच. एरवी तू माझा छोट्या, आणि मी तुला भाऊजी म्हटलं की वहिनीचा पारा चढलाय हे आपल्या घरात भिंतींनाही कळतं. तर तो चढलाय. परवा तू जिना चढून आलास, दाराशी पिशवी ठेवलीस, बेल वाजवलीस आणि पळालास. मी दार उघडेपर्यंत तुझी पावलं खालच्या मजल्यावर वाजत होती. पिशवीत माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या, दोन बल्ब आणि साबणाच्या वड्या. अरे, चाळिशी उलटलेला बाप्या तू, दोन लेकरांचा बाप, आणि बेल वाजवून पळतोस? दादा गेल्यापासून तू या घराचा उंबरा ओलांडलेला नाहीस. फोन केला की तुझी बायको म्हणते, ते आंघोळीला गेलेत. सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, संध्याकाळी आंघोळ. एवढा स्वच्छ फिटर जगात दुसरा नसेल. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. आणि अर्धं वाचून घडी घालून ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी घरचं सांगते. तू दिलेल्या दोन बल्बांपैकी एक स्वयंपाकघरात लावला. लावताना खुर्चीवर चढले तर खुर्ची डुगडुगली, आणि तोंडातून आपसूक निघालं, "अहो, जरा धरता का?" मग खाली उतरले आणि खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. पंख्याचा रेग्युलेटर अजून कुरकुरतो. वायरमनच्या घरात एक बटण कधी धड नव्हतं, हे तुला सांगायला नको. सगळ्या कारखान्याची वीज सांभाळायची आणि घरी मी म्हटलं की रविवारी बघू. कारखान्यात त्यांना सगळे मेन स्विच म्हणायचे, ते चिडले की शेडमध्ये आवाज बंद व्हायचा म्हणून. घरात मात्र मेन स्विच मीच होते, हे तुम्हा दोघा भावांना चांगलं ठाऊक होतं.

शिवणाच्या दुकानात मी पुन्हा जायला लागले. मालकीणबाईंनी मला काजं-बटणांचं हलकं काम दिलंय, जसं काही माझे हातच गेलेत. सगळ्या जणी माझ्याशी हळू बोलतात. मी कात्री मागितली तर तीही हळू देतात. आणि प्रत्येकीचं एकच पालुपद, वेळ भरली की कोण काय करणार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मान डोलावली. दुसऱ्यांदा मशीन जोरात चालवलं. गेल्या आठवड्यात एका बाईंनी पुन्हा तेच म्हटलं तेव्हा मी मशीन थांबवलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, वेळ भरली नव्हती, कुलूप लावलं होतं. बाई गोरीमोरी झाली. तिची काय चूक, ती चांगलं बोलायलाच आली होती. पण मला आता चांगलं ऐकून घेण्याचा कंटाळा आलाय रे. मला कुणीतरी खरं बोलणारं हवंय. ते तुझ्याशिवाय कोण बोलणार, आणि तू तर जिन्यावरून पळतोस.

मग मीच बोलते. त्या दिवशी काय झालं ते मला कळलेलं नाही असं तुला वाटत असेल, तर तसं नाही. तुमच्या पॅकिंगमधली ती जाड चष्मेवाली बाई माझ्याकडे येऊन गेली. दोन तास बसली, रडली, आणि एकूण एक सांगून गेली. तू दाराबाहेर ठेवलेल्या सगळ्या पिशव्यांपेक्षा मला तिच्या त्या दोन तासांचा आधार जास्त झाला.

दादा हातात चहाचा पेला घेऊन मोठ्या प्रेसच्या बाजूने चालले होते. ना कुठल्या तारेला हात, ना कुठल्या बटणाला. चालता चालता थांबले आणि खाली बसावं तसे कोसळले. आणि मग तुमच्या सगळ्या शेडने काय केलं? वायरमन पडला म्हणजे शॉकच लागला असणार, असं धरून चाललात. कुणी त्यांना हात लावला नाही. एकमेकांना मागे ओढत राहिलात. दोघे धावले ते मेन बंद करायला. सगळी शेड अंधारात गेली, यंत्रं कण्हत कण्हत थांबली, आणि त्या अंधारात माझा नवरा एकटा पडून राहिला. शॉकच लागला असता तर तुम्ही केलं ते बरोबर होतं, हेही मला कळतं. यांनीच तुम्हाला ते शिकवलं होतं. पण पेला फुटून चहा सांडला होता, जवळ एक तार नव्हती, आणि बघायला कुणी वाकलं नाही. शेवटी ती चष्मेवाली पुढे झाली. तिने नाकाशी हात धरला, म्हणाली श्वास नाही, आणि सरळ छाती दाबायला बसली. कारखान्यात ते हृदयाचं मशीन आलं तेव्हा ज्या थोड्या जणांना शिकवलं होतं त्यात ती होती. दाबता दाबताच तिने ओरडून सांगितलं, भिंतीवरचं मशीन आणा.

त्या मशीनबद्दल मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाहेरची मंडळी कारखाना तपासायला येणार म्हणून घाईघाईने आणलेलं. बंद पडलेल्या हृदयाला झटका देऊन पुन्हा ठिकाणावर आणणारं. भिंतीवर पांढरी पेटी, तिच्यावर हृदयाचं चित्र आणि हृदयात वीज. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी गंमत म्हणून उघडलं, ते आपोआप बोलायला लागलं, शांत राहा म्हणालं, आणि उघडणारा धूम पळाला. किती हसलो होतो आपण त्यावर! पण मॅनेजरसाहेबांना हसू आलं नाही. महागाची वस्तू, उद्या कुणी खेळ करेल, चोरी होईल. ते म्हणाले, शॉक देणारी वस्तू आहे म्हणजे विजेच्या खात्याची, त्यांनीच सांभाळावी. आणि विजेचं खातं म्हणजे तुझे दादा. त्यांनी काय केलं? त्यांना जे येत होतं ते केलं. आपलं लाल कुलूप काढलं आणि पेटीला ठोकलं. घरी येऊन म्हणाले, तात्पुरतं आहे, उघडली की भोंगा वाजेल अशी पेटी मागवलीय, ती आली की काढतो. मी विचारलं, आणि तोवर कुणाला लागलं तर? तर म्हणाले, मी आहे ना तिथे. हे वाक्य आठवलं की मला त्यांचाही इतका राग येतो की समोर असते तर चार दिवस अबोला धरला असता. भोंग्याची पेटी काही आली नाही. मागवणाऱ्याने पुन्हा विचारलं नाही आणि देणाऱ्याला आठवण झाली नाही. तात्पुरतं कुलूप तिथेच मुरलं.

आता ते लाल कुलूप म्हणजे तुमच्याकडे काय असतं, ते मला कुणी समजावायला नको. यंत्र दुरुस्तीला घेतलं की वायरमनने वीज तोडायची, बटणाला आपलं कुलूप घालायचं, किल्ली अंगावर ठेवायची. एका कुलपाला एकच किल्ली. ज्याने लावलं त्यानेच काढायचं, दुसऱ्या कुणी हातही लावायचा नाही, मग साहेब असो की मालक. तू तेव्हा नवा होतास. मोठ्या प्रेसच्या पोटात खांद्यापर्यंत शिरला होतास आणि कुणीतरी घाईचा माणूस ती चालू करायला आला. बटणावर दादांचं कुलूप बघून त्याने शिव्या घातल्या, आपटलं, ओढलं, पण ते उघडलं नाही, म्हणून तू वाचलास. त्या संध्याकाळी घरी आलास तेव्हा तुझा चेहरा पांढराफटक होता. जेवला नाहीस. दादांच्या शेजारी नुसता बसून राहिलास, लहानपणी ताप आला की बसायचास तसा. तेव्हापासून त्या लाल कुलपाची शपथ घ्यावी इतका तू त्याला मानतोस. नव्या माणसाला पहिला धडा तूच देतोस, की दुसऱ्याचं कुलूप तोडणं म्हणजे दुसऱ्याचा हात तोडणं.

आणि म्हणूनच त्या दिवशी पेटीपाशी सगळ्यात आधी तू पोचलास आणि हातात लोखंडी सळई असून थांबलास. चष्मेवाली तिकडून ओरडत होती, "फोडा ते, कुणीतरी फोडा." बाकीचे तुझ्याकडे बघत होते. दोघांनी दादांचे खिसे चाचपले, टेस्टर निघाला, टेप निघाली, किल्ली नाही. आणि तू सळई खाली केलीस आणि म्हणालास, "दादाचं कुलूप आहे. दादाला बोलवा."

हे वाक्य तुमच्या कारखान्यात आता तोंडोतोंडी झालंय, हे मला माहीत आहे. कुणी ते हळहळत सांगतं, कुणी डोक्याला हात लावत. चष्मेवालीनेही ते मला सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. तुला वाटत असेल की वहिनीने हे ऐकलं तर ती जन्मात तोंड बघणार नाही, म्हणून तू जिन्यावरून पळतोस. तर ऐक. मी ते ऐकलं आणि मला तू सायकलवरून पडलास तो दिवस आठवला. मी या घरात नवी होते, तू शाळेत होतास. गुडघा फुटला होता, मी औषध लावायला गेले तर तू पाय ओढून घेतलास आणि म्हणालास, दादाला बोलवा. परीक्षेत नापास झालास तेव्हा दादाला बोलवा. लग्नाआधी तुझ्या सासऱ्यांनी नोकरीबद्दल उलटसुलट विचारलं तेव्हा दादाला बोलवा. मामंजी जिन्यात छाती धरून बसले आणि उठलेच नाहीत, तेव्हाही तू रस्त्यावर उभा राहून तेच ओरडत होतास. संकट आलं की तुझ्या तोंडात दुसरं वाक्यच नव्हतं. मग त्या दिवशी दुसरं कुठून येणार होतं? दादा पायाशी पडलेत हे डोळ्यांना दिसत होतं, पण तोंडाला कुठे कळत होतं.

मला तुझा राग आलाय तो त्या वाक्याचा नाही. तेवढं एक डोक्यात पक्कं बसव आणि पुढे वाच.

रुग्णवाहिका आली ती मोठ्या फाटकावर अडली, मग चुकीच्या शेडकडे गेली, मग मालाच्या गाड्यांमधून वाट काढत पोचली. त्यांनी आपलं मशीन लावलं, पण तोवर फार उशीर झाला होता. रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंना मी नंतर स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, खात्री कुणीच देणार नाही, पण पडल्या पडल्या झटका मिळाला असता तर चांगली आशा होती, आणि जितका उशीर होतो तितकी ती आशा झपाट्याने आटते. कारखाना शहराबाहेर, आवार एवढं मोठं, बाहेरून मदत यायला वेळ लागणारच, म्हणून तर मशीन आत असावं लागतं. त्यांनी मला तसलंच एक मशीन दाखवलंही, रबरी बाहुल्यावर. अरे, मी काजं-बटणं करणारी बाई, एका दुपारीत शिकले. ते स्वतःच बोलतं. इथे चिकटवा, आता बाजूला व्हा, आता छाती दाबा. हृदय तपासून तेच ठरवतं, आणि झटक्याची गरज नसेल तर आपण बटण दाबलं तरी देत नाही. म्हणजे खेळ करून कुणाला मारता येईल ही जी भीती होती, ती मुळातच खोटी. ज्या मशीनला चुकायची भीती नाही त्याला आपण कुलूप घातलं. घरी आले आणि उशीत तोंड खुपसून ओरडले, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

मग मी तुमच्या मॅनेजरसाहेबांकडे गेले. खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा विचारला. म्हणाले, वहिनी, त्यांचा मोठा फोटो लावतोय, सुरक्षेचं बक्षीस दरवर्षी त्यांच्या नावाने देणार आहोत. मी म्हटलं, फोटो राहू द्या, मला ती पेटी दाखवा. नाइलाजाने घेऊन गेले. आणि छोट्या, ते कुलूप अजून तिथेच आहे. त्यांच्या अक्षरात पांढऱ्या रंगाने लिहिलेलं 'मेन स्विच'. कुणीतरी रोज पुसतं वाटतं, लखलखत होतं. मी विचारलं, हे अजून का? तर साहेब म्हणाले, नवी पेटी वरच्या कचेरीच्या मंजुरीत आहे, आणि तोवर हे तोडायला कामगार तयार नाहीत, त्यांच्या भावनांचा प्रश्न आहे. भावना! एक माणूस या कुलपापायी गेला, आणि आता तो गेला म्हणून कुलूप निघत नाही. मी तिथल्या चौघा-पाचांना विचारलं. एक जण म्हणाला, काकू, त्यांचं कुलूप आम्ही कसं तोडणार? इतक्या प्रेमाने कुणी इतकं चुकीचं वागताना मी कधी पाहिलं नव्हतं. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, पण भिंतीवर तीच पेटी होती.

आणि आता खरं कारण, ज्यासाठी माझा पारा चढलाय. तुझी बायको काल आली होती. तू आंघोळीला होतास म्हणे, म्हणून तिला निवांत बोलता आलं. जिना चढताना तू मधल्या पायरीवर थांबतोस, हे तिने सांगितलं. रात्री उठून खिडकीशी बसतोस. डावा खांदा चोळतोस आणि प्रेसच्या कामाने आखडलाय म्हणतोस. डॉक्टरकडे चल म्हटलं की वसकन अंगावर जातोस. मामंजी तसेच गेले, दादा तसेच गेले, आणि तू खांदा चोळत त्याच शेडमध्ये, त्याच कुलूपबंद पेटीसमोर रोज उभा राहतोस. तुला शिक्षा हवीय का स्वतःला? तू ती भोगणार, आणि रडायचं कुणी, आम्ही दोघींनी? एक भाऊ त्या कुलपाने नेला, दुसराही त्यालाच देणार नाही मी. हे पत्र मी आजच हातोहात पाठवतेय; उद्या सकाळी ती तुला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जाईल, मी वेळ ठरवून ठेवलीय. तिथे आंघोळीची सबब सांगायची नाही.

रुग्णालयातून मिळालेली त्यांच्या कपड्यांची पिशवी मी इतके दिवस उघडली नव्हती. काल तुझी बायको गेल्यावर उघडली. पॅन्ट धुवायला घेतली आणि कमरेच्या पट्टीत बोटाला काहीतरी टोचलं. मागे एकदा त्यांच्या हातून किल्ली हरवली होती आणि सगळं खातं अर्धा दिवस हातावर हात धरून बसलं होतं, तेव्हा त्यांनी माझ्याकडून प्रत्येक पॅन्टला आतून एक चोरखिसा शिवून घेतला होता. बाहेरून कुणाला दिसू नये असा. मी तो इतका सफाईदार शिवला होता की तुम्हाला चाचपूनही सापडला नाही. ती किल्ली या पाकिटात आहे, त्याच खिशाच्या कापडात गुंडाळून. ज्याने लावलं त्यानेच काढायचं हा तुमचा नियम, आणि तो चांगला नियम आहे, त्यानेच तू मला परत मिळाला होतास. पण ते आता यायचे नाहीत रे, कितीही हाका मारल्या तरी. त्यांच्या जागी तूच आहेस. डॉक्टरकडून ये, मग पाळी बदलताना, सगळी शेड बघत असताना त्या पेटीपाशी जा आणि ते कुलूप काढ. तोडू नकोस, किल्लीने काढ. मग त्या चष्मेवालीला सगळ्यांना मशीन शिकवायला सांग, आणि शिकणाऱ्यांत पहिला तू उभा राहा. कुणी विचारलं कुणाच्या हुकुमाने, तर सांग, दादाला बोलावलं होतं, त्यांनी किल्ली पाठवली. आणि कुलूप खिशात घालून इकडे घरी ये. बेल वाजवून तिथेच थांब, मला दारापर्यंत यायला थोडा वेळ लागतो.

तुझीच,
वहिनी